दोन नंबरची गोरी

२ फेब्रुवारी, सोमवार

नापास! रोज लोकांच्या जबड्यात हात घालून दात घासून देते, आणि आज माझीच हनुवटी परीक्षेत नापास झाली.

कारण काय, तर हनुवटीवर केस नाहीत!

लेझरनं केस घालवायला मी चालते की नाही, हे दाखवायला गेले होते. डॉक्टरांनी भिंग लावलं, दिवा लावला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. शेवटी म्हणाले, "खानम," म्हणजे बाईसाहेब, "यात मी जाळायचं काय?" जाळायचं ते सगळं काल संध्याकाळीच उपटून झालं होतं ना! मामान आणि तूरान-खाला, म्हणजे माझी आई आणि तिची थोरली बहीण, दोघींनी मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि दोऱ्याचं एक टोक दातात धरून कानापासून कानापर्यंत शेत साफ केलं. मी ओरडतेय, "अगं, केस दाखवायलाच चाललेय!" तर खाला म्हणते, "परक्या पुरुषापुढे असलं तोंड घेऊन जाणार? कुणाची मुलगी म्हणेल तो?" मोलकरीण यायच्या आधी घर झाडून ठेवणाऱ्या बायका या. यांना काय सांगायचं!

दोरा केस मुळासकट काढतो. लेझरला ते मूळच हवं असतं. मूळ नाही तर लेझर जाणार कुठे? आता सहा आठवडे दोरा नाही, मेण नाही, चिमटा नाही. मग पुन्हा या, म्हणाले.

डॉक्टरांचं खरं नाव कियुमर्स. पाटीवर काइल. मामान त्यांना कियुमर्स-जान म्हणते आणि ते दर वेळी पाटीकडे बघतात.

४ फेब्रुवारी, बुधवार

सहा आठवडे वाढू द्यायचं म्हणजे काय करायचं, हे क्लिनिकमधल्या पोरीनं, येसेनियानं, मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं. उपटायचं नाही, पण रेझर चालतो. तो वरून कापतो, मूळ राहतं.

मी हे घरी बोलले. चूकच झाली.

"रेझर?" मामानच्या हातातून पुदिन्याची जुडी पडली. "बाईच्या तोंडाला रेझर? उद्यापासून बापासारखी दाढी येईल तुला! तुझे बाबा गेले ते बरं झालं, हे ऐकायला नाहीत." मग खालाला फोन. मग खालाचा मला फोन. तिच्या ओळखीत कुणी एक बाई होती, शिराझची, एकदाच रेझर लावला, आणि पुढे नवऱ्याच्या आधी तिला आरसा लागायचा. असल्या बाईला कुणी पाहिलेलं नसतं, पण ती प्रत्येक घराच्या ओळखीची असते.

मला एवढंच पाहिजे — सप्टेंबरात लग्न आहे, आणि लग्नानंतर सकाळी अर्दलानच्या आधी उठून बाथरूमकडे पळायला लागू नये. बस्स. सँटा बार्बराला गेलो होतो तेव्हा मी अंधारात चिमटा घेऊन टबाच्या काठावर बसले होते. त्यानं गालाला हात लावायला हात उचलला की मी लगेच खोकते. त्याला वाटतं मला कसली तरी ॲलर्जी आहे. आयुष्यभर खोकत संसार करायचा का?

५ फेब्रुवारी

रेझर आणला. सॅनिटरी पॅडच्या खोक्यात लपवला. तिथे मामान हात घालत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फखरी खानमकडे जेवण. अर्दलानच्या आई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. मी मुद्दाम दिव्याला पाठ करून बसले. कामावर दिवसभर मास्क असतो म्हणून निभावतं, पण जेवताना मास्क कसा लावणार!

फखरी खानमच्या दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत एक मिशाळ राजपुत्र आहे. ते त्यांचे खापरपणजोबा. काजार राजघराण्यातले. कॅलिफोर्नियातल्या आमच्या या अख्ख्या व्हॅलीत अजून एकही इराणी माणूस मला असा भेटलेला नाही ज्याचा खापरपणजोबा शिंपी होता. सगळे दरबारातले. मग त्या काळी कपडे कोण शिवत होतं, देव जाणे.

भाताची खरपूस पापडी माझ्या ताटात वाढत म्हणाल्या, "मंदाना-जान, तुझा रंग बघूनच मी अर्दलानला हो म्हटलं हो! जीव ओवाळून टाकावा असा रंग. आमच्या घराण्यात काळं कुणी आलेलं नाही."

मामान म्हणाली, "आम्ही उत्तरेकडचे, रश्तचे ना! तिकडे ढगच असतात बारा महिने. ऊन म्हणजे काय ते माझ्या आईला माहीत नव्हतं."

"दिसतंच की. पनीरसारखी कातडी."

"कुठची! तुमच्यापुढे आम्ही काय?"

"छे छे, तुमच्यापुढे आम्ही काय?"

असं भाजी गार होईपर्यंत चाललं. अर्दलान माझ्याकडे बघून टेबलाखालून पाय मारत होता. फार हसू आलं. आणि मला त्या सगळ्याचं बरंही वाटत होतं. खोटं कशाला लिहू? इथे कोण वाचणार आहे!

१६ मार्च, सोमवार

पुन्हा क्लिनिक. या वेळी केस होते. मान ताठ ठेवून गेले.

मामान सोबत आली. मी नको म्हटलं होतं. "नवं वर्ष, नवरोझ, चार दिवसांवर आलंय, घरात इतकं काम पडलंय, तू राहा," म्हटलं. आली.

येसेनियाच्या हातात सहा रंगांचा एक पुठ्ठा असतो. एक म्हणजे दूध, सहा म्हणजे काळी कॉफी. माणूस यात कुठे बसतो ते बघून यंत्राचा जोर ठरवायचा. तिनं मला विचारलं, "उन्हात गेलीस तर लाल होतेस की रापतेस?"

मी तोंड उघडलं. उत्तर मामाननं दिलं. "लाल! टोमॅटो!"

मला आठवलं, शाळेत असताना समुद्रावरून एका दुपारीत मी खजुरासारखी होऊन यायचे, आणि मामान रात्री दही-काकडी थापून मला पुन्हा माणसात आणायची. पण गप्प बसले.

"मूळ कुठलं?"

"रश्त. आईकडून रश्त, बापाकडून रश्त."

येसेनियानं च्युइंगम या गालातून त्या गालात नेलं. "मला चार वाटतेय."

"चार काय?"

"चार नंबर."

मामाननं पुठ्ठा हिसकावला. चारवर नख ठेवलं. "हा? हा तर आमच्या चहाचा रंग आहे!"

तेवढ्यात डॉक्टर आले आणि दोघांचं तारोफ सुरू झालं. तारोफ म्हणजे आपलं तेच, समोरच्याला इतका मान द्यायचा की खरं बोलायला जागाच उरू नये. दारातून आधी कोण जाणार यावर आमच्याकडे लग्नाची वरात अडून राहते. आज माझी हनुवटी अडली.

"डॉक्टर, तुम्ही विद्वान, आम्ही अडाणी बायका. पण ती दोन आहे."

"खानम, मी तुमच्या पायाची धूळ. पण थोडं तीनकडे झुकतं का, असं मला..."

"तुम्ही म्हणाल ते! मी कोण बोलणारी? पण हिच्या आजीला लोक लांबून बघायला यायचे, इतका रंग!"

"मग प्रश्नच मिटला. तुमच्यासारख्या मातेच्या शब्दापुढे माझी काय विद्या? दोनच."

येसेनियानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. परक्यापुढे आईला खोटं कसं पाडायचं? हे एक. आणि दुसरं — दोन नंबर ऐकायला छान वाटत होतं.

कानाखाली, जबड्यावर, तपासणीपुरता एक झटका दिला. तापलेल्या रबरानं फटका मारावा तसं वाटलं. चार दिवस ऊन नको, उष्णता नको, आगीपासून लांब, म्हणाले.

१७ मार्च, मंगळवार

आज आगीवरून उड्या मारायचा सण! वर्षातून एकदा येतो, तो नेमका आज.

समुद्रावर सगळी व्हॅली जमली होती. मी लांब उभी होते. फखरी खानमनी हात धरला. "होणारी सून उडी मारणार नाही तर मग कोण, मी? वर्षाची पीडा जळते!" मामान डोळ्यांनी सांगतेय, जा. गेले. तीन उड्या मारल्या. पीडेचं माहीत नाही, जबडा चांगलाच चुरचुरतोय.

१८ मार्च

लाल.

१९ मार्च

तपकिरी. मसुराच्या दाण्याएवढा डाग. कडा अगदी रेखीव, पेन्सिलनं काढल्यासारख्या.

मामान म्हणते आगीनं झालं. "मी तर उडी मार म्हटलंच नव्हतं." ही बाई!

२० मार्च, शुक्रवार

नवरोझ. म्हणजे अख्ख्या गावानं माझे दोन्ही गाल चुंबायचा दिवस. केस मोकळे सोडले, वर पावडर, वर अजून पावडर. सतराव्या चुंबनाला पावडर फखरी खानमच्या नाकाला लागली आणि डाग उघडा पडला.

"हे काय गं?"

"केस कुरळे करायच्या चिमट्यानं भाजलं," मामान माझ्या आधी. तिची जीभ अशा वेळी दोन पावलं पुढेच असते.

फखरी खानमनी डागाला बोट लावलं. फार जवळून बघितलं. मग म्हणाल्या, "भाजल्याचा डाग आमच्याकडे गुलाबी राहतो."

गाडीत बसल्याबसल्या मामाननं माझ्या गालावर पुन्हा पावडर थापली.

२३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी डाग बघितला आणि पहिल्यांदाच माणसासारखे बोलले. "खानम, माणसं तारोफ करतात. कातडी करत नाही."

समजावून सांगितलं. लेझर काळं शोधत जातो. गोऱ्या कातडीत काळं म्हणजे फक्त केस. माझ्या कातडीत, वरून दिसत नसला तरी, आतून भरपूर रंग आहे. त्यामुळे लेझर केसाच्या आधी मलाच भाजत सुटला. या यंत्राला मी चालणार नाही. दुसरं एक यंत्र आहे, रंग ओलांडून खोल जाणारं, सावळ्या कातडीसाठी. ते भाड्यानं येतं, फक्त मंगळवारी. "पण त्याआधी मला खरं पाहिजे. घराण्यात कुणी दक्षिणेकडचं? आजी, आजोबा? कुणाच्या जखमांचे वण फुगून वर येतात का? पुन्हा अंदाज चुकला तर हा डाग मसुराएवढा राहायचा नाही, अख्खा गाल जाईल."

मी मामानकडे बघितलं. तिनं पर्स उचलली. "आमच्या घराण्याचा असा पाणउतारा आजवर कुणी केला नव्हता." आणि चालती झाली. डॉक्टर बिचारे तिच्यासाठी दार उघडायला धावले, तिथेही "आधी तुम्ही, आधी तुम्ही" एकदा झालंच.

गाडीत म्हणाली, "त्या मंगळवारच्या यंत्राकडे फिरकायचं नाही. मंगळवारी तिथे कोण येतं माहितीये?"

"कोण?"

"तसल्या बायका."

"कसल्या?"

रेडिओ लावला तिनं. जाहिरात चालू होती, तीसुद्धा लेझरची.

२४ मार्च, मंगळवार

तूरान-खालाकडे गेले. ती ओटा भरून कोथिंबीर निवडत होती. मी सरळ विचारलं, आपल्यात दक्षिणेकडचं कोण?

मला वाटलं तीही पर्स उचलेल. तिनं कोथिंबिरीतून मानसुद्धा वर केली नाही. "तुझी आजी. बंदर अब्बासची. का गं?"

का गं!!

आजोबा जकातीच्या नोकरीत होते. बंदरावर बदली झाली. तिथे एका घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईची मुलगी त्यांच्या मनात भरली. तिचे पणजोबा-खापरपणजोबा कधीतरी जहाजातून आफ्रिकेहून आणलेले, विकायला. आजोबांनी तिच्याशी लग्न केलं आणि रश्तला घेऊन आले. तिथे सगळा गाव तिला बघायला जमला.

म्हणजे "लोक लांबून बघायला यायचे" हे मामाननं खोटं नव्हतं सांगितलं.

"काळी होती?" मी.

"काळी म्हणजे? चांगली काळी. आणि हसली की दात असे! तू दातांच्या धंद्यात पडलीस ते उगाच नाही." खालानं मला कोथिंबिरीची काडी फेकून मारली. "मी तिच्यावर गेले, म्हणून माझी पावडर दोन रंग गडद. तुझी आई, माहीन, तुझ्या आजोबांवर गेली. तिला लपवता आलं, म्हणून तिनं लपवलं. मी कशात लपवणार होते?"

घरी येऊन आरशात खूप वेळ बघितलं. तेच तोंड आहे. फक्त आता मी ते कुणाचं आहे ते शोधतेय.

२५ मार्च, बुधवार

मामानशी भांडले. बऱ्याच वर्षांत इतकं भांडलो नव्हतो.

"माझा गाल जळाला तरी चालेल, पण आजी काळी होती म्हणायचं नाही?"

"हळू बोल!"

"कोण ऐकतंय? कॅलिफोर्नियात आहोत आपण!"

"म्हणूनच हळू बोल. भिंतीला भिंत लागून इराणी राहतात." मग खुर्चीत बसली. "फखरीला कळलं तर लग्न मोडेल. तिनं तोंडावर सांगितलंय, आमच्या घराण्यात काळं कुणी आलेलं नाही. तुझ्यासाठीच केलं मी सगळं."

"माझ्यासाठी? मी जन्मायच्या आधीपासून लपवतेस तू!"

त्यावर ती खाली बघत सांगायला लागली. शाळेत पहिल्याच आठवड्यात पाऊस आला. आजी छत्री घेऊन फाटकात उभी. मैत्रिणींनी विचारलं, ही कोण? मामान म्हणाली, आमच्याकडे स्वयंपाक करते. आजीनं ऐकलं. पुढे शाळा संपेपर्यंत ती न्यायला यायची, पण दोन पावलं मागून चालायची, स्वयंपाकिणीसारखी. छत्री मात्र मामानच्याच डोक्यावर धरलेली.

"मी एकदाही म्हटलं नाही, पुढे ये," मामान म्हणाली.

मला तिचा राग करायचा होता. जमलं नाही. चहा केला, दोघी प्यायलो. पण मंगळवारी मी जाणार आहे, आणि खरं सांगणार आहे. तसं तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग एकटी जा. आणि लग्न मोडलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

२९ मार्च, रविवार

अर्दलानला सगळं सांगितलं. त्याच्या गाडीत, तो विकतो त्या सौर पॅनेलच्या नमुन्यांच्या गर्दीत.

आधी हनुवटी. रेझर, चिमटा, खोकला, सगळं. तो इतका हसला की पाठीमागचे पॅनेल हलले. "म्हणजे ॲलर्जी नाही? मी तुझ्यासाठी मांजर आणायची रद्द केली ना! आता काय, सकाळी दोघं एकाच आरशात दाढी करू." असं म्हणून त्यानं हात लावला. मी खोकले नाही. खुंट होतेच. "माझ्यापेक्षा मऊ आहेत," म्हणाला. इतकं हलकं वाटलं की रडू यायला लागलं.

त्याच भरात आजीचं सांगितलं.

हसू थांबलं. अगदी जरासंच, पण थांबलं. "मला काय फरक पडतो?" म्हणाला. "खरंच. काहीच नाही." मग गाडी चालू केली. सिग्नलवर म्हणाला, "फक्त आईला सांगू नकोस. तिला धक्का बसेल. ती काजार आहे ना."

दाढीवाली बायको चालते. काळी आजी मात्र आईपासून लपवायची! घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. हा माणूस मला आवडतो, हेच वाईट आहे.

३१ मार्च, मंगळवार

आज घडलं ते नीट लिहून ठेवते. पुढे मलाच खरं वाटायचं नाही.

मंगळवारची ती खोली. आत पाय टाकला आणि आधी वाटलं चुकून डोळ्यांच्या दवाखान्यात आले. सगळ्या बायकांना काळे चष्मे! घरात बसून काळे चष्मे, डोक्याला रुमाल, हातात मासिक. काही मासिकं तर उलटी. आणि सगळ्या आमच्याच. केक मिळतो त्या दुकानातली मालकीण. बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आलेली वकीलबाई. एरवी बाजारात एकमेकींना बघून तीन रांगांपलीकडून किंचाळणाऱ्या बायका, आज कुणी कुणाला ओळखत नव्हतं. सगळ्यांचे खापरपणजोबा दरबारातले, आणि सगळ्यांच्या आज्या, बहुतेक, दारामागे उभ्या.

मामानच्या "तसल्या बायका" त्या या!

कोपऱ्यात सगळ्यांत मोठा चष्मा होता. त्याखाली हनुवटी ओळखीची. मी बघत राहिले. चष्म्यानंही मला बघितलं आणि मासिक वर गेलं.

तेवढ्यात येसेनिया दारात. "फक्री! चल गं, तुझा नंबर आला! गेल्या वेळचा गाल बरा आहे ना?"

मासिक हळूहळू खाली आलं. फखरी खानम!

"मी मैत्रिणीबरोबर आलेय," त्या मला म्हणाल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. आम्ही दोघींनी त्या खुर्चीकडे बघितलं.

मग त्यांनी माझं मनगट धरलं, जिना होता तिथवर नेलं. कुजबुजत म्हणाल्या, "माझी आजी बुशहरची, तीही दक्षिणेचीच. तुझा तो डाग बघितला तेव्हाच मी ओळखलं. माझ्याही गालावर तसलाच पडला होता, याच कियुमर्सच्या पायी. मीही दोन सांगितलं होतं."

"आणि तो राजपुत्र? सोनेरी चौकटीतला?"

"दुकानात मिळतो तो. चांगली मिशी होती म्हणून घेतला." इकडेतिकडे बघितलं. "अर्दलानला सांगू नकोस हं. त्याला धक्का बसेल. तो काजार आहे ना."

मी हसले असते. पण त्यांनी माझं मनगट अजून घट्ट धरून ठेवलं होतं. लग्न मोडायला निघालेली सासू नव्हती ती. घाबरलेली बाई होती, मामानइतकीच. मी म्हटलं, "मी कुणाला काही सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. माझी आजी बंदर अब्बासची." त्यांनी मनगट सोडलं.

आत गेल्यावर येसेनियालाही तेच सांगितलं. पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. तिनं च्युइंगम फोडलं. "मग? चार म्हटलं नव्हतं का मी?" चाललं! पास! या यंत्राला मी चालते. डाग फिका झाला की सुरुवात. पण सावकाश घ्यावं लागेल, जोर कमी ठेवून. लग्नापर्यंत पुरं व्हायचं नाही. अर्धी हनुवटी साफ, अर्धी दाढीची. चालेल. अर्दलानकडे आरसा आहे.

१ एप्रिल, बुधवार

मामानला सांगणार नव्हते. शब्द दिला होता. पण ती माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती, आणि लग्न मोडलंच असं धरून तिनं कार्यालयवाल्याला फोनसुद्धा लावला होता. सांगितलं. फखरी खानम, माफ करा, पण दुसरा इलाज नव्हता.

मामानला आधी खरंच वाटेना. एक एप्रिलची थट्टा वाटली. मग टाळ्या वाजवल्या, ओट्यावर धरून हसली. "काजार म्हणे! दुकानातला काजार!" खालाला फोन, पुन्हा हसणं. मला वाटलं, चला, सुटलो.

मग तांदूळ धुवायला घेतले. पाणी बदललं, पुन्हा बदललं. हात पाण्यातच राहिला.

"म्हणजे मी घाबरत होते कुणाला?" म्हणाली.

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"ती दोन पावलं मागून चालली, मंदाना. रोज. आणि फाटकावरच्या त्या पोरींच्या घरीसुद्धा कुणी ना कुणी मागून चालत असेल." नळ चालू होता. मामान रडत होती, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. बाबा गेले तेव्हा अशी रडली नव्हती. मी नळ बंद केला आणि तिला धरून उभी राहिले. तिचा ओला हात माझ्या गालावर होता, खुंटांवर. तिनं तो तसाच राहू दिला.

भात बिघडला. मऊ लगदा झाला. तसाच खाल्ला.

२८ एप्रिल, मंगळवार

मामान आज सोबत आली, न सांगता तयार होऊन. तिथे तिचं काही काम नव्हतं. तिचे केस पांढरे झालेत, आणि लेझरला पांढरं दिसत नाही. खोली गच्च भरलेली, सगळ्या चष्म्यांआड, फखरी खानम कोपऱ्यात. येसेनिया दारातून म्हणाली, "चार नंबर, आत ये. आजी कुठली म्हणालीस? विसरले मी." मी तोंड उघडायच्या आत मामान उठून उभी राहिली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बंदर अब्बासची. माझी आई ती. सनोबर."

मी आजवर आजीला मेहरअंगीज म्हणूनच ओळखत होते. ते नाव रश्तच्या लोकांनी ठेवलं होतं.